पाचपैकी चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. सहा महिने खुर्चीत बसून आकडे जुळवल्यामुळे पाठ अशी धरली आहे की खरोखरचा घातला तर उठवायला तुलाच यावं लागेल.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, उत्तर मला पाठ आहे. "अगदी छान, मला काय धाड भरलीय!" गेल्या रविवारी फोनवरही तू हेच म्हणालीस, मग फोनवर हात ठेवलास, आणि हाताच्या पलीकडून जो खोकला ऐकू आला तो काकांचा होता असं सांगितलंस. काकांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचा खोकला हल्ली हुबेहूब तुझ्या आवाजात येतो, हेही सांग.

आता बातमी. तुझ्या जुन्या शेडमधल्या वॉर्निशच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बसणार नाही. ही उडत उडत आलेली गोष्ट नाही. मंगळवारी सकाळी खुद्द मॅनेजरसाहेबांनी मला सांगितली, आणि फॅनसाठी भिंतीत पाडलेल्या भोकावर पत्रा बसवला गेला तेव्हा सुपरवायझरबाई तिथे हजर होत्या. ज्या फॅनसाठी आजवर अकरा अर्ज गेले (त्यातले चार तुझ्या अक्षरात आहेत, मी फाइल पाहिली), तो याच महिन्यात मंजूर व्हायचा होता. पण फाइलवर शेरा पडला, 'कामगार पूर्ण समाधानी आहेत, सबब निकड नाही.' पुरावा म्हणून खाली एक कागद टाचला आहे. तो कागद माझा आहे. होय, तुझ्याच भाच्याचा. आता पाणी पिऊन ये आणि पुढचं बसून वाच.

माझ्या संशोधनाचा विषय तुला पाच वेळा सांगून झाला आहे, आणि पाचही वेळा तू "छान आहे रे" म्हणालीस, म्हणून सहाव्यांदा सांगतो. 'लघुउद्योगांतील कामगारांचे समाधान व नोकरीत टिकून राहण्याची प्रवृत्ती : एक अभियांत्रिकी-व्यवस्थापकीय अभ्यास.' (बाइंडिंगवाल्याने विचारलं, हे पुस्तकाच्या पाठीवर मावेल तेवढंच छापू, की पोटावरही उतरवू?) साध्या भाषेत सांगायचं तर, काही ठिकाणी माणसं तीस-तीस वर्षं का टिकतात? हा प्रश्न मला तुझ्यामुळेच पडला. मोठमोठ्या चकचकीत कारखान्यांतून आमचे पदवीधर वर्षभरात पळ काढतात, आणि तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जी बाई पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायला बसली ती थेट निवृत्तीलाच उठली. तू स्वतः एकतीस वर्षं बसलीस. यावर जगभरातले दोनशे अकरा निबंध मी वाचले. काहींच्या मते माणसं पगारामुळे टिकतात, काहींच्या मते पगार असूनही टिकत नाहीत, आणि सगळ्यांच्या मते याविषयी अधिक संशोधनाची गरज आहे. (हे शेवटचं वाक्य दोनशे अकराही निबंधांत आहे. पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात ना, तसं आमच्यात ते लिहितात.)

तर तीन महिन्यांपूर्वी मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन तुझ्या शेडमध्ये गेलो. चाळीस जणी, प्रत्येकीला पंचवीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच असे रकाने. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. नाव लिहायचं नाही, शेजारणीला विचारायचं नाही, मनात असेल तेच लिहायचं. या तिन्ही सूचना मी स्टुलावर उभा राहून मोठ्याने वाचल्या. (ते स्टूल तीन पायांचं निघालं. चौथा पाय कधीकाळी होता असं सांगतात.) त्या दिवशी आतल्या खोलीत गुंडाळ्या वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवण्याचं काम चालू होतं. त्या खोलीला दार नाही हे तुला मी काय सांगणार! चौदाव्या प्रश्नाला, म्हणजे 'कामाच्या जागेची हवा' या प्रश्नाला, मला असा ठसका लागला की पुढचं वाचन मी बाहेर जाऊन खिडकीतून केलं. आत चाळीस जणींनी नाकावरचा ओला रुमाल जरा खाली घेतला, पाचाच्या रकान्यात खूण केली आणि रुमाल परत वर घेतला. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. संशोधकाने स्वतःची मतं बाजूला ठेवायची असतात. मी मतांबरोबर डोळेही बाजूला ठेवले होते.

हजार उत्तरं जमली. नऊशे पंच्याण्णव ठिकाणी पाच, पाच ठिकाणी एक. सरासरी चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव. मी हरखून गेलो. शेडमध्ये येऊ दिल्याबद्दल मॅनेजरसाहेबांना एक पानाचा सारांश द्यायचं कबूल केलं होतं, तो मी त्याच आठवड्यात सुबक टाइप करून, फीत लावून दिला. (फितीचा रंग निळा. फाइलमध्ये तुझ्या चार अर्जांच्या वर ती फार उठून दिसते.) आणि तोच तक्ता या महिन्याच्या सुरुवातीला प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणून आमच्या गाइडसरांकडे नेला.

गाइडसरांना कॉलेजात सगळे 'लाल पेन' म्हणतात, याहून त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि शांतपणे विचारलं, "हे फॉर्म कामगारांनी भरले, की तुझ्या घरच्यांनी?" मी म्हटलं, सर, कामगारांनी, माझ्या डोळ्यांदेखत. त्यावर ते म्हणाले, "अरे, एवढं समाधान समाधीत बसलेल्या माणसालाही नसतं. त्याचीही मांडी दुखते." मग मात्र गंभीर झाले. हा तक्ता बाहेरच्या परीक्षकांसमोर गेला तर आकडे घरी बसून रचले असंच कुणीही म्हणेल, सात वर्षांवर पाणी पडेल, आणि मुदत तर याच महिनाअखेरीस संपते. (सात वर्षं, मावशी. माझ्याबरोबर नाव नोंदवलेल्या मित्राची मुलगी आता पहिलीत आहे. परवा भेटली तेव्हा तिने विचारलं, "काका, तुमचा गृहपाठ झाला का?")

माझी सगळी भिस्त एकाच फॉर्मवरच्या त्या पाच एकांवर होती. मी सरांना म्हटलं, पाहा, निदान एकीने तरी नाराजी नोंदवली आहे, म्हणजे फॉर्म खरे आहेत. तो फॉर्म कुणाचा हे शोधणं कठीण नव्हतं, कारण नाव लिहू नका असं बजावूनही चाळीसपैकी छत्तीस जणींनी नाव लिहिलं होतं, वर 'सौ.' लावून. हा फॉर्म निघाला वॉर्निशवालीचा. आतल्या खोलीत गुंडाळ्या बुडवणारी, म्हणजे नाराज व्हायचा पहिला मान खरं तर तिचाच. मी आशेने गेलो आणि विचारलं, पहिल्या पाच प्रश्नांना तुम्ही एक का दिलात? तिने उलट मलाच विचारलं, "एक म्हणजे पहिला नंबर ना रे? माझी मुलगी वर्गात पहिली आली तेव्हा काय आम्ही रडत बसलो होतो?" पुढे सहाव्या प्रश्नाला शेजारणीने सांगितलं की इथे पाच वरचा आहे, तेव्हापासून तिने पाच दिले. म्हणजे माझ्या संशोधनातली एकमेव तक्रार हीसुद्धा शाबासकीच होती.

तेवढ्यात सुपरवायझरबाई आल्या, आणि मग सगळंच बाहेर पडलं. त्या दिवशी मी बाहेर ठसकत उभा असताना त्यांनी सगळे फॉर्म गोळा करून तपासले होते, जशा वर्गातल्या मॉनिटर वह्या तपासतात. सहा-सात जणींनी कुठे कुठे चार दिले होते. ते फॉर्म परत गेले. एकीला म्हणे त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. "चार का दिलेस? त्याने काय तुझं घोडं मारलंय?" ती बिचारी म्हणाली, बाई, स्टुलाला तीनच पाय आहेत म्हणून दिले. "उभं राहतंय ना तीन पायांवर? मग पाच दे!" चाळीस जणींचा समज असा होता, मावशी, की ही माझी परीक्षा आहे आणि त्या मला मार्क देत आहेत. शेडला मार्क द्यायचे आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी विचारलं, हे तुमच्या डोक्यात भरवलं कुणी? सुपरवायझरबाई म्हणाल्या, आम्हाला वरून सांगणं होतं. वरून म्हणजे कुणाकडून, ते मात्र सांगेनात.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर चाळीसही फॉर्म पसरले. म्हटलं, प्रकरण फाडण्याआधी एकदा नीट बघू तरी. तेव्हा लक्षात आलं की फॉर्मच्या तळाशी 'इतर सूचना' असा एक रकाना आहे, आणि तो मी वाचलेलाच नाही. (संगणकाला फक्त आकडे कळतात, म्हणून तो रकाना आम्ही सोडून देतो. छापायचा मात्र असतो, शिष्टाचार आहे.) आठ जणींनी तो कोरा ठेवला होता. नऊ जणींनी माझ्याबद्दल सूचना केल्या होत्या, म्हणजे बारीक झालास, केस काप, लग्नाचं बघ, स्टुलावर चढताना जप. उरलेल्या तेवीस जणींनी तुझ्याबद्दल लिहिलं होतं. 'मावशीचा खोकला बरा आहे का?' 'मावशीला आता तरी खोकल्याने झोप लागते का?' एकीने लिहिलं होतं, 'मावशीला झोपताना दोन उशा घ्यायला सांग, बसून झोपल्यासारखं झालं की ढास कमी येते, अनुभव आहे.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. अनुभव आहे. याच बाईने चौदाव्या प्रश्नाला पाच दिले होते.

तेवीस जणी, मावशी. स्वतःच्या खोकल्याबद्दल एकीनेही तक्रार केली नाही आणि तुझ्या खोकल्याची चौकशी तेवीस जणींनी केली. दोन वर्षं झाली तुला ती शेड सोडून. इतक्या जणींना तो खोकला इतका बारकाईने माहीत कसा, हे कळायला पीएच.डी. लागत नाही, मला मात्र सात वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी तो रकाना उतरवून काढून मी लाल पेनसमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत होते. पेन हातात होतं, पण टोपण काढलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "हे तू परिशिष्टातसुद्धा घेतलं नव्हतंस? अरे, हाच तर प्रबंध आहे." मग त्यांनी सुचवलं की नवे फॉर्म भरून घे, पहिल्यांदा काय चुकलं तेही प्रांजळपणे लिही, आणि चौथं प्रकरण त्यावरच उभं कर, मुदतीचं मी बघतो. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, "आणि मावशींचा खोकला कसा आहे ते कळव." म्हणजे आता चोवीस झाले.

म्हणून मंगळवारी मी मॅनेजरसाहेबांकडे माझा सारांश परत मागायला गेलो, आणि तिथे ती पत्र्याची बातमी मिळाली. माणूस वाईट नाही. त्यांनी माझा आकडा बाहेरच्या खोलीत पाटीवर रंगवून लावला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, त्यांना तो खरोखर आवडला आहे. मी म्हटलं, साहेब, तो आकडा चुकीचा आहे. ते दुखावल्यासारखे झाले. "तुमच्याच आकड्यावर तुमचा विश्वास नाही, मग आमचा कुणावर बसावा?" पण बरंच समजावल्यावर ते म्हणाले की येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी संचालकांची बैठक आहे, त्यात या वर्षाच्या मागण्यांची फाइल कायमची बंद होते. त्याआधी बायकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की हवा वाईट आहे, तर मी स्वतः फाइल पुन्हा पुढे ठेवतो. "पत्रा चारच स्क्रूंवर आहे," ते म्हणाले. "काढायला दहा मिनिटं लागतील."

मी उडतच घरी आलो. गुरुवारी नवे फॉर्म घेऊन गेलो. या वेळी स्टुलावर चढलो नाही, जमिनीवर उभा राहून अर्धा तास सांगितलं की ही माझी परीक्षा नाही, तुम्ही तक्रार लिहिलीत तरच माझं काम होईल, तरच तो फॅन बसेल, खरं लिहा. सगळ्या जणी तापातल्या पोराची बडबड ऐकावी तशा प्रेमाने ऐकत होत्या. सुपरवायझरबाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "हो रे बाळा, कळलं. तू नको काळजी करूस."

निकाल सांगतो. हजारपैकी हजार ठिकाणी पाच. सरासरी पाच पूर्णांक शून्य शून्य.

झालं असं की मी दुसऱ्यांदा फॉर्म आणले म्हणजे पहिल्यांदा नापास झालो, हे शेडमध्ये केव्हाच पसरलं होतं. वॉर्निशवाली तर रडकुंडीला आली होती. "माझ्यामुळे तुझे पाच ठिकाणचे मार्क गेले ना रे? या वेळी बघ, एकही चूक नाही केली." आणि फॅनचं काय, असं मी विचारलं तेव्हा तिने जे उत्तर दिलं त्यावर दोनशे अकरापैकी एकाही निबंधात काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "फॅन काय, आज ना उद्या बसेल. तुझं वर्ष गेलं तर ते परत येतंय का?" हे म्हणतानाही मध्ये दोनदा थांबून ती खोकली, आणि बोट आतल्या भट्टीकडे दाखवून म्हणाली, धूर नाही रे, तार आज जरा खराब आलीय. (तारेने खोकला येतो हा शोध माझ्या क्षेत्राबाहेरचा आहे.)

तर माणसं तीस वर्षं एका जागी का टिकतात याचं उत्तर बहुधा मला मिळालं आहे. ते तक्त्यात बसत नाही एवढंच. अधिक संशोधनाची गरज आहे.

बाकी सगळं ठीक. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतो, वेळेवर जेवतो, केस कापले. तुमच्या दोघांच्या पायाशी डोकं ठेवून (पाठीची परवानगी मिळेल तसं) इथे थांबतो.

तुझा, अजूनही विद्यार्थीच असलेला,
भाचा

ता. क. खरं काम आता लिहितो. येत्या शुक्रवारी दहाच्या चहाच्या सुट्टीत तू शेडमध्ये यायचं आहेस. मॅनेजरसाहेबांची परवानगी घेतली आहे. मी साडेआठला गाडी घेऊन दारात येतो. भाषण करायचं नाही. फक्त एवढंच सांगायचं की तक्रार लिहिली तरी पोरगा पास होतो. माझं कुणी ऐकत नाही, लाल पेनची चिठ्ठी दाखवली तर म्हणतात, सर किती चांगले आहेत, त्यांनाही पाच दे. तिसरा गठ्ठा तयार ठेवला आहे. दहा मिनिटांत भरून होईल, दुपारी मी तो फाइलला जोडतो, आणि त्या शुक्रवारनंतर लगेच येणाऱ्या सोमवारी बैठक आहे.

दुसरी ता. क. 'वरून' म्हणजे कुणाकडून, ते सुपरवायझरबाईंनी काल सांगून टाकलं. फोनवरचे शब्दही सांगितले. "माझा भाचा येतोय. सात वर्षं झाली बिचाऱ्याला. हात आखडता घेऊ नका." मी रागावलेलो नाही. चौथीत मी गाय काढली होती, तिला "किती छान हत्ती!" म्हणून दहापैकी दहा देणारी तूच. पण चार अर्ज स्वतः लिहिणाऱ्या बाईने एका फोनमध्ये स्वतःचाच फॅन घालवावा, हे प्रबंधात लिहू की नको, ते शुक्रवारी गाडीत ठरवू.

तिसरी ता. क. हे पत्र पाकिटात घालत असतानाच आमच्या कॉलेजात 'कर्मचारी समाधान' असा फॉर्म वाटला गेला, आणि मी तिथे तास घेतो म्हणून मलाही मिळाला. माझ्या टेबलावरचा पंखा दीड वर्षं फिरलेला नाही. मी पंचवीसही ठिकाणी पाच दिले. फॉर्म तयार करणारी नवी प्राध्यापिका फार मेहनती आहे गं, आणि तिचीही मुदत संपत आलीय.

चौथी आणि शेवटची. सोबत एक कार्ड ठेवलं आहे. त्यावर एकच प्रश्न आहे : खोकला कसा आहे? काकांना न विचारता खूण कर आणि शुक्रवारी गाडीत बसताना माझ्या हातात दे, म्हणजे शेडमधून परत येताना डॉक्टरांकडे थांबायचं की नाही ते कळेल. कार्डावर रकाने चारच दिसतील. छपाईची चूक नाही. पाचवा मी कात्रीने कापून टाकला आहे.